बॅनरवरचं बाळ

फ्लेक्सवाला छापतो, वाचत नाही. ही त्याच्या घरचीच रीत. वडिलांचा छापखाना होता तेव्हा अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता वडील म्हणायचे, "वाचत बसलास तर छापशील कधी? वाचायचं गिऱ्हाइकानं." म्हणून दुकानात नियम असा, की आधी प्रूफ काढायचं, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, त्यानं खाली सही केली की मगच मशीन चालू करायचं. एकदा सही झाली की चूक गिऱ्हाइकाची. एका लग्नपत्रिकेवर नवऱ्यामुलाच्या जागी सासऱ्याचं नाव छापून गेलं, तेव्हाही फ्लेक्सवाल्यानं शांतपणे सहीचा कागद पुढं केला होता. सासऱ्याला म्हणे तेवढंच बरं वाटलं.

चर्चच्या मोर्च्याचं काम मात्र तो नऊ वर्षं फुकट करत होता. वर्षातून एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की सगळी मंडळी गर्भपाताच्या विरोधात शहरातून चालत निघायची, चर्चच्या फाटकापासून ते कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत. पुढं मोठा बॅनर, त्यामागं फलक, त्यामागं म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि ढकलगाड्या. मोर्च्याचे सर्वेसर्वा म्हणजे मास्तर. गणित शिकवून निवृत्त झालेले, पण निवृत्ती काही अंगी लागली नव्हती. मजकूर दर वर्षी तेच ठरवायचे. यंदाचा होता, "जन्माआधीही माणूसच". खाली सोनोग्राफीतलं बाळ, बारा फूट बाय आठ.

"चित्र स्वच्छ घाल रे बाबा," मास्तरांनी बजावलं होतं. "मागच्या वर्षी लोकांना तो ढग वाटला."

फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर चर्चचं फोल्डर उघडलं. त्यात एक सोनोग्राफी होती, चांगली लख्ख. मास्तरांनीच पाठवली असणार, असं त्यानं गृहीत धरलं. वरच्या काळ्या पट्टीत पेशंटचं नाव, तारीख आणि कसले कसले आकडे असतात. बॅनरवर कुणाचं नाव नको म्हणून त्यानं ती पट्टी कापली. प्रूफ काढलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून सही ठोकली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बॅनर छापून, वाळून तयार झाला.

शनिवारी सकाळी दुकानाच्या फरशीवर बॅनर पसरून तो कडेनं पितळी रिंगा ठोकत होता. एकूण चौदा रिंगा ठोकायच्या होत्या. दहाव्या रिंगेला तो बाळाच्या चेहऱ्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्याला तो हात दिसला. बाळानं तळवा बाहेर करून हात चेहऱ्यापुढं धरला होता.

"फोटो नको म्हणतंय बघा," सोनोग्राफीवाली बाई म्हणाली होती. त्यावर बायको इतकी हसली, की पोट हलायला लागलं आणि पडद्यावरचं बाळ विस्कटलं. "अहो, हसू नका हो, मला मोजायचंय," बाई ओरडली, तशी बायकोनं ओठ आवळून धरले. पण पाय हलतच होते.

तो अठरावा आठवडा होता. बाळाच्या आजीला मोठा फोटो हवा म्हणून त्यानं ती सोनोग्राफी दुकानात आणून कॉम्प्युटरवर घेतली होती. त्या दिवशी चर्चच्याच एका पोस्टरचं काम चालू होतं, आणि कॉम्प्युटरची खोड अशी, की जे फोल्डर शेवटी उघडलेलं त्यातच नवी फाइल जाऊन बसते. तीन आठवड्यांनी बाळाचे ठोके थांबले. फोटो छापायचा राहिला. फाइल राहिली तिथंच. चार महिन्यांनी त्यानं ती उघडली, आपल्या हातांनी बायकोचं नाव कापून टाकलं, आणि त्याला ते दिसलंसुद्धा नाही.

आता रडू येईल, असं वाटून तो थोडा वेळ हातोडी खाली ठेवून बसला. रडू आलं नाही. त्या दिवसापासून त्याला कशाचंच फारसं काही होत नव्हतं. जेवण अळणी झालं तरी कळत नसे, खारट झालं तरी कळत नसे. त्यानं हातोडी उचलली आणि उरलेल्या रिंगा ठोकल्या, नीट, सरळ रेषेत.

खरी गोष्ट बॅनरची नव्हतीच. खरी गोष्ट अशी, की त्या बाळाला कबर नव्हती.

दवाखान्यात, बायको आत गुंगीत असताना, एका नर्सनं त्याच्यापुढं कागद धरला होता. "इथं सही करा." त्यानं केली. त्याच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं करतात तशीच, उभ्याउभ्या, दुसरीकडं बघत. बाळ ताब्यात घेऊन दफनभूमीत नेता येतं, फादर येऊन प्रार्थना म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? नऊ वर्षं तो तेच तर छापत होता, की न जन्मलेल्यालाही मान द्या, नाव द्या. पण त्या घटकेला त्याला फक्त त्या नर्सनं समोरून जावं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तेव्हा दवाखान्याच्या माणसानं सांगितलं, "तुम्ही सही केलीत ना? मग आम्ही आमच्या पद्धतीनं केलं." ती पद्धत म्हणजे भट्टी, हे त्यानं सांगितलं नाही आणि फ्लेक्सवाल्यानं विचारलं नाही.

बायको शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "बाळाचं?"

"सगळं व्यवस्थित झालं," तो म्हणाला.

फादरांचा फोन आला तेव्हाही त्यानं तेच वाक्य सांगितलं. फादरांना वाटलं, यांनी घरच्या घरी काही केलं असेल. बायकोला वाटलं, फादरांनी बाळाला दफनभूमीत लहान मुलांच्या कोपऱ्यात ठेवलं. एका वाक्यात दोघांचं समाधान झालं. तेव्हापासून दर रविवारी मिस्सा संपली रे संपली की तो बायकोला घाईघाईनं घरी न्यायचा, फादर आणि ती समोरासमोर येऊ नयेत म्हणून. लोक म्हणायचे, बायकोची काय काळजी घेतो बघा!

शनिवारी दीडला बायको औषधांच्या दुकानातून घरी आली. ती काउंटरवर असे. गोळ्या मोजायला ती कधी चुकली नव्हती, या चार महिन्यांतही नाही. घरी आल्यावर मात्र पायातल्या चपला न काढता खुर्चीवर बसून राहायची. आजही बसली.

"झाला बॅनर?" तिनं विचारलं.

"झाला."

"मी येते उद्या मोर्च्याला."

त्याचा घास हातातच राहिला. ती यंदा येणार नाही, असंच तो धरून चालला होता. "कशाला? दमशील. ऊन असतं."

"नऊ वर्षं ऊनच होतं." ती चपलेचा बंद सोडत म्हणाली, "आणि मोर्चा संपला की तिकडं जाऊ. दफनभूमीत. इतके दिवस नाही जमलं मला. आता जमेल असं वाटतंय. तू दाखव मला कुठं आहे ते."

"बरं," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तोंडाला कुलूप आणि किल्ली विहिरीत, अशी त्याची गत.

जेवण तसंच टाकून तो मास्तरांकडं गेला. मास्तर अंगणात स्कूटर पुसत होते. स्कूटरवरचं आच्छादन म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या मोर्च्याचा बॅनर. त्यावरच्या बाळाचा अर्धा चेहरा सीटवर आला होता.

"मास्तर, चित्र बदलू या. तासाभरात नवीन काढतो."

"का रे? मी सही केलीये."

"रंग फिका आलाय."

"पोटातलं चित्र फिकंच असतं. तिथं काय ट्यूबलाइट असते?" मास्तर आपल्याच विनोदावर हसले. "आणि किती गोड आहे बाळ ते! हात बघितलास? आशीर्वाद देतंय जसं. तू आणलंस कुठून, तेच विचारणार होतो."

"तुम्ही पाठवलं ना?"

"मी? मला फोनवरून दोन ओळी पाठवता येत नाहीत." मास्तरांनी फडकं पिळलं. मग त्याच्याकडं जरा निरखून बघितलं आणि आवाज खाली आणला. "बायको कशी आहे?"

"बरी आहे."

"मोठं दुःख आहे रे. पण तुम्ही दोघांनी सगळं रीतीनं केलंत. तेवढं तरी समाधान." एवढं बोलून मास्तर चाकं पुसायला वाकले.

तो दुकानात परत गेला. गठ्ठ्यात कोरा फ्लेक्स होता, मशीन चालू होतं, जुन्या फायलींमध्ये मागच्या वर्षीचा ढगही होता. अडचण एकच होती. नवा बॅनर काढला तर या जुन्याचं करायचं काय? त्याच्या धंद्यात वाया गेलेला फ्लेक्स कुणी टाकत नाही. तो शेडवर जातो, लाकडांवर जातो, भंगारवाला नेतो, नाहीतर कुणाच्या तरी स्कूटरवर बसतो. कातरीनं बारीक तुकडे करावेत, असं एकदा मनात आलं. त्यानं कातर हातात घेतली, आणि परत जागेवर ठेवली. मशीनही बंद केलं. एकदा आपण त्याला दुसऱ्यांच्या पद्धतीवर सोडलं. आता पुन्हा नाही, एवढंच काय ते त्याला कळत होतं. शहाणपणा म्हणाल तर एवढाच, आणि तोही उशिरा सुचलेला.

खरं सांगून टाकायला शनिवारची सगळी दुपार आणि संध्याकाळ होती. तो घरी गेला. बायको उद्याचा पांढरा कुडता इस्त्री करत होती. तो समोर बसून इस्त्री पुढं जाताना आणि मागं येताना बघत राहिला. दोनदा त्यानं "ऐक ना" म्हटलं. दोनदा ती "काय?" म्हणाली. दोन्ही वेळा त्यानं दुसरंच काहीतरी विचारलं.

रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात गर्दी जमली. मास्तर शिट्टी फुंकत रांगा लावत होते. बेकरीवाला आणि त्याचा भाऊ, दोघंही आडव्या अंगाचे, बॅनरच्या काठ्या धरायला पुढं झाले. काठ्या उभ्या राहिल्या, फ्लेक्स ताणला गेला आणि बाळ सगळ्यांसमोर उभं राहिलं.

फ्लेक्सवाला बायकोकडं बघत होता. तिनं आधी अक्षरं वाचली. मग नजर खाली आली. हातावर थांबली. आजूबाजूला ढकलगाड्यांची कुरकुर चालली होती, कुणीतरी पाण्याच्या बाटल्या वाटत होतं. तिनं एक बाटली घेतली, "थँक्यू" म्हणाली, टोपण न उघडता ती खाली जमिनीवर ठेवली आणि सरळ बेकरीवाल्यापाशी गेली.

"द्या, मी धरते."

"अहो वहिनी, वारं आहे, झेपायचं नाही..."

"द्या."

बेकरीवाल्यानं काठी दिली. फ्लेक्सवाल्यानं दुसऱ्या बाजूची काठी घेतली. त्यांच्यामध्ये बारा फूट बाळ होतं. त्याच्या अलीकडं तो आणि पलीकडं ती, असे दोघं निघाले.

वारा खरंच होता. फ्लेक्स फुगायचा तेव्हा काठी हातातून सुटू पाहायची. मागून घोषणा चालल्या होत्या, मास्तर कर्ण्यातून ओरडत होते, पोरं आपल्याला हव्या त्या तालावर उत्तर देत होती. ती काठी सरळ धरून चालली होती. बाजाराच्या तोंडाशी पलीकडच्या फुटपाथवर पाचसहा जण विरोधात फलक घेऊन उभे होते. त्यांतली एक बाई, दिसायला अगदी कुणाच्याही मावशीसारखी, घसा ताणून ओरडली, "दुसऱ्यांना शिकवताय? आधी आपापल्या घरात डोकवा!" मोर्च्यातल्यांनी तिच्यासाठी मोठ्यानं जपमाळ सुरू केली. फ्लेक्सवाल्यालाही शब्द पाठ होते, ओठ हलत होते. ती बाई आपल्यालाच म्हणाली, असं त्याला वाटलं, आणि त्याचा रागही आला नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मास्तरांनी भाषण केलं. नेहमीचंच, पण यंदा बॅनरकडं हात करून म्हणाले, "या बाळाचं नाव आपल्याला माहीत नाही. पण देवाला माहीत आहे!" टाळ्या पडल्या. बायकोनं मान वर करून बॅनरकडं पाहिलं. एवढ्या जवळून तिला बाळ दिसतही नसेल, नुसते करडे ठिपके दिसत असतील.

लोक पांगायला लागले. फादर एकेकाची विचारपूस करत तिच्यापाशी आले. फ्लेक्सवाल्याला दिसत होतं, पण त्याच्या हातात काठी होती. ती सोडली असती तर सगळा बॅनर लोकांच्या अंगावर आला असता.

"तुम्ही आलात, फार बरं वाटलं," फादर म्हणाले.

"फादर, आम्ही आता तिकडंच जातोय. बाळाला कुठल्या बाजूला ठेवलंय तुम्ही? भिंतीकडं की झाडाखाली?"

फादरांना काही उमगलं नाही. ते आधी हसले, मग हसू ओसरलं. "मी? मला तर... तुमचे मिस्टर फोनवर म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. मला कुणी बोलावलं नाही, बाई. मी आलो असतो. मी नक्की आलो असतो."

बायकोनं बारा फुटांवरून नवऱ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. औषधांच्या दुकानात एखाद्या चिठ्ठीवरचं डॉक्टरांचं अक्षर लागत नसलं की ती डोळे बारीक करून बघायची, तशी बघत होती.

"दवाखान्यात कागद होता," तो म्हणाला. मध्ये बॅनर असल्यामुळं त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. मास्तरांनी कर्णा खाली केला. "मी सही केली. त्यांनीच केलं सगळं. कबर नाहीये."

"कसला कागद?"

"वाचला नाही मी."

बेकरीवाला पुढं आला आणि त्यानं तिच्या हातातून काठी हळूच काढून घेतली, या वेळी न विचारता. चर्चचा शिपाई शेडवर टाकायला बॅनर मागायला आला होता. फादरांनी त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं. बायकोनं फ्लेक्सच्या रिंगा एकेक करून दोरीतून सोडवल्या, चौदाच्या चौदा. नवरा-बायकोनं चादरीसारखी टोकं जुळवत त्याची घडी केली. समोरासमोर आले तेव्हा तिनं घडी त्याच्याकडून घेतली आणि काखेत मारली. जड होती, तरी त्याच्याकडं दिली नाही. घरी गेल्यावर कपाटातला आपला कप्पा रिकामा करून तिनं बॅनर त्यात ठेवला, आणि काढलेले कपडे खुर्चीवर तसेच राहिले.

सोमवारी तिनं औषधांच्या दुकानात सुट्टी टाकली. "चल," म्हणाली. कुठं, ते त्यानं विचारलं नाही.

दवाखान्यात तळघराजवळ जुन्या कागदपत्रांची खिडकी होती. पुढं सातआठ जणांची रांग होती. खिडकीतला कारकून शिंकत होता. नाव आणि तारीख सांगितल्यावर तो आत गेला, बऱ्याच वेळानं एक फाइल घेऊन आला आणि त्यातला एक कागद काचेखालून सरकवला. "इथंच बघा. बाहेर न्यायचा नाही."

कागद तिच्याकडं आला होता. तिनं तो नवऱ्यापुढं सरकवला.

"वाच."

त्यानं कागदावर नजर फिरवली.

"तसं नाही. मोठ्यानं. मला ऐकू येईल असं. सगळा."

त्यानं वाचायला सुरुवात केली. दवाखान्याचं नाव वाचलं, विभाग वाचला, फॉर्मचा नंबर वाचला. आईचं नाव आलं, जे त्यानं पट्टीबरोबर कापलं होतं ते, आणि ते वाचताना त्याला मध्ये थांबावं लागलं. मागं रांगेत कुणीतरी "काय चाललंय हो?" म्हणालं. कारकुनानं त्याला हातानं गप्प केलं.

"गर्भाचं वय, एकवीस आठवडे. वजन, तीनशे पंचाऐंशी ग्रॅम."

तिचा हात काचेखालच्या फळीवर होता. बोटं जराशी वळली. हे वजन तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पर्याय एक. दफनासाठी नातेवाइकांच्या ताब्यात द्यावे. चौकट रिकामी आहे. पर्याय दोन. रुग्णालयाने नियमानुसार विल्हेवाट लावावी. इथं खूण आहे."

"खूण कुणी केली?"

"आठवत नाही," तो म्हणाला. ते खरं होतं. नर्सनं केली असेल, त्यानं केली असेल. शाई तीच होती. त्याचा आवाज फाटला, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि त्यानं काचेवर हात टेकला.

"पुढं वाच."

"पुढं माझी सही आहे."

"त्याच्या खाली."

सहीच्या खाली आणखी एक ओळ होती. आधी छापील शब्द, मग रेघ, आणि रेघेवर त्याच्याच हातचं वळणदार अक्षर. ते लिहिल्याचंही त्याला आठवत नव्हतं.

"मयताशी नातं," त्यानं वाचलं, आणि थांबला.

ती थांबली नाही. "मोठ्यानं," ती म्हणाली.

"वडील."